जुळते नंबर

तीस वर्षं मी दुसऱ्यांचे परवाने लिहिले.
शस्त्र शाखा, तळमजला, जिन्याखालचं टेबल.
मे महिन्यात कूलरचं पाणी संपलं
की फायलींतले कागद आपोआप गोल व्हायचे.
बारा बोअर, एकनळी, पीक-संरक्षणार्थ.
वडिलांच्या निधनानंतर वारसाच्या नावे.
हाती एकही घेतली नाही कधी,
फक्त नंबर घेतले
आणि रकान्यात नीट बसवले.

मग एकदा कामठीहून एक बाई आल्या,
साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत नवऱ्याची वस्तू.
आजेसासऱ्यांनी इटलीहून आणली म्हणे, लढाई संपल्यावर.
टॉवेल उलगडला.
बारीक नळी, तिरकी मूठ,
आणि पाठीवर दुमडलेला एक गुडघा,
बार उडाला की वर मोडणारा.
लूगर.
मी लिहिलं : जुने पिस्तूल, विदेशी, नग एक.
त्या 'एक'वर पेन अडखळलं,
बाई पोच घेऊन गेल्या तरी.

रिटायर झालो आणि सदरला गेलो,
फिरोजशा बिलिमोरियांकडे. वाळ्याची टट्टी, बंद खिडक्या,
पंचाऐंशीचे गृहस्थ, पायात मोजे.
'पहिलं पिस्तूल घेऊ नकोस,' म्हणाले,
'पहिलं पुस्तक घे. मग भिंग.
मग तुझी घाई काढ आणि ती विकून टाक,
पैसे लागतील.'
फलाणीवर त्यांनी आपली ठेवली.
शेजारी परवाना, त्यावर माझंच अक्षर.

नळीवर पूर्ण नंबर.
पुढे खिट्टीवर त्यातले शेवटचे दोन आकडे,
घोड्यावर तेच, पिनेच्या टोकावर तेच,
मुठीच्या लाकडाला आतल्या अंगानंही,
जिथं कोणी बघणार नाही.
'सगळे जुळले तर मोल.
एक खिट्टी उसनी निघाली की निम्मं.
आणि पॉलिश? हात तोडीन.
निळाई जिथं गेली, तिथं कुणाचा तरी अंगठा होता.'

घरी येऊन वही आखली.
कुंदा म्हणाली, 'काहून जी,
आता या वयात कोणाले मारता?'
म्हटलं, मारायचं नाही, ओळखायचं आहे.
ती म्हणाली, 'मंग मले ओळखा ना आधी,
तीन दिवस झाले, जिना नाही चढली मी.'

इतवारीतल्या भंगारवाल्याकडे
एक चामडी खोळ मिळाली, रिकामी.
तो तिच्यात पेचकस ठेवायचा.
साडेतीनशे म्हणाला, दोनशेवर आला,
झाकणावर आत पुसट गरूड होता
की तेलाचा डाग, भिंगालाही कळेना.
तिच्या आतल्या वस्तूसाठी
पोस्टात पैसे टाकत होतो, महिन्याच्या महिन्याला,
खातं मुदतीला आलं त्याच आठवड्यात
धंतोलीतल्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला.
हाडावर हाड.

दोन तास चाळीस मिनिटं.
मी बाहेर बाकावर, हातात पावती.
नंतर नर्सनं फाइल दिली,
आत एक चिकटपट्टी, बारीक अक्षरांची.
सवयीनं भिंग काढलं.
उजवा. माप चार. नंबर सलग, नऊ आकडी.
बनावट : जर्मनी.

रात्री त्या आखलेल्या वहीत
पहिली नोंद केली, रकाना सोडला नाही एकही.
वस्तू : गुडघा. नग : एक.
धारक : सौ. कुंदा देवराव ठवकर.
उर्वरित भागांशी जुळतो का? : नाही.
मोल :
इथं बिलिमोरियांना फोन लावणार होतो,
मग लावला नाही.

आता ती वॉकर घेऊन गच्चीपर्यंत जाते,
पाचव्या पायरीवर कट् असा आवाज येतो,
आम्ही दोघंही थांबतो.
खोळ तिच्या उशाशी असते.
चामड्यानं तिरकेपण सोडलेलं नाही अजून,
काहीही टाका, खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतं.
तिच्यात ती गोळ्या ठेवते,
सकाळची एक, रात्रीच्या दोन.